घरातले हसू आणि लक्ष्मीबाईंची लेखणी

गेल्या पावसाळ्यात रहाटणीतील काही कुटुंबांनी एक उपक्रम सुरू केला. रविवारी सायंकाळी पवित्र माळेची प्रार्थना झाली की एकेका घरी जमायचे आणि एक मराठी पुस्तक मोठ्याने वाचायचे. यजमानांनी चहा द्यावा, वाचन आळीपाळीने व्हावे आणि धर्मगुरूने शक्यतो गप्प बसावे, एवढेच नियम. तिसरा नियम आम्हांला फारसा पाळता आला नाही, हे आधीच कबूल करतो.

पहिले पुस्तक आम्हीच सुचविले : साने गुरुजींचे 'श्यामची आई'. मुलांवर संस्कार व्हावेत, हा आमचा सरळ हेतू. चारपाच रविवार वाचन नीट चालले. मग एके संध्याकाळी, चाकणच्या एका कारखान्यातून कामावरून परस्पर आलेली एक माउली, मांडीवर पेंगणाऱ्या धाकट्याला थोपटत म्हणाली, "फादर, श्यामच्या आईला कधी हसू येत नव्हतं का हो?" सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु परत येताना तो प्रश्न आमच्याबरोबर चालत आला आणि अद्याप गेलेला नाही.

'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. बेचाळीस रात्रींची ही कथा १९३५ साली पुस्तकरूपाने आली, आणि तेव्हापासून मराठी घरात 'आई' या शब्दाचा अर्थ बराचसा या पुस्तकाने ठरविला. त्यात विनोद मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोहायला जावे लागू नये म्हणून लपून बसणारा श्याम वाचताना मुले खुदकन हसतातच. पण आई स्वतः हसत नाही. ती सोसते, शिकविते, रडते आणि क्षमा करते. हे चित्र आई गमावलेल्या मुलाने रेखाटलेले आहे. मृत आईकडे मूल जसे पाहते तसेच त्यात पाहिलेले आहे, आणि म्हणून ते इतके पवित्र झाले आहे. मुलाने ते वाचावे आणि भरून पावावे. चाळिशीतल्या आईने मात्र त्यात स्वतःला शोधू लागले की तिच्या पदरी बहुधा अपराधीपणाच येतो. सायंकाळी सात वाजता बसमधून उतरून, डबा धुऊन, मुलाचा गृहपाठ घ्यायला बसणाऱ्या स्त्रीला श्यामच्या आईच्या शेजारी उभे करणे बरे नव्हे. आम्ही प्रवचनातून ते वर्षानुवर्षे केले आहे.

त्याच सुमारास मराठीत आणखी एक घर उभे राहत होते. चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे गाढे पंडित. त्यांनी चिमणराव, त्यांची पत्नी काऊ, मोरू, मैना, राघू आणि घरात सदैव वावरणारा गुंड्याभाऊ अशी मंडळी जन्माला घातली. १९७७ साली सुरू झालेली मुंबई दूरदर्शनवरील मालिका आमच्या पिढीतील वाचकांना आठवत असेल. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ यांच्यासाठी शेजारचे अख्खे बिऱ्हाड एका खोलीत जमत असे. येथे घरचा कर्ता पुरुषच हास्याचा विषय आहे. बाप चुकतो, फजीत होतो, आणि तरीही बापच राहतो. मराठी घराला ही मोकळीक चिं. वि. जोशींनी दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण चिमणराव हा लेखकाने घेतलेला मुखवटा आहे. त्या घरात फजिती येते. मोठे दुःख सहसा दाराबाहेर थांबते. खऱ्या घरात ते थांबत नाही.

म्हणून आमच्या मते त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या पुस्तकात आहे. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत प्रसिद्ध झाली. म्हणजे 'श्यामची आई'ची जुळी बहीणच म्हणावी. ख्रिस्ती वाचकाने या पुस्तकाचा आदर फार केला. मात्र तो एका विशिष्ट कारणासाठी. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पत्नी दुरावली, आणि पुढे १९०० साली तिनेही ख्रिस्ताला स्वीकारले. ही साक्ष म्हणून आपण पुस्तक हातात घेतो आणि साक्ष संपली की मिटतो. लक्ष्मीबाई आमच्या कॅथलिक परंपरेतील नव्हत्या. टिळक कुटुंबाचा संबंध अमेरिकन मराठी मिशनशी होता. पण प्रपंचाला पंथ नसतो, आणि हे पुस्तक पानोपानी प्रपंचाचे आहे.

त्यांचे वडील सोवळ्याच्या अतिरेकाने मीठसुद्धा धुऊन घेत. मीठ धुतले तर उरणार काय, हे सांगायला लक्ष्मीबाईंना टीकाकार व्हावे लागत नाही. त्या नुसते धुणे दाखवितात. मुलीच्या नजरेला तो माणूस हास्यास्पद दिसतो आणि भयंकरही दिसतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच ओळीत नांदतात. टिळकांचेही तसेच. कवी माणूस, क्षणात संतापणारा, क्षणात पश्चात्ताप करणारा, हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या हातात देणारा. अशा पुरुषाच्या बायकोने रडगाणे लिहिले असते तर कोणी दोष दिला नसता. लक्ष्मीबाईंनी संसाराचा जमाखर्च मांडला तो हसत, आणि त्यात स्वतःची फजिती आधी नोंदविली. जातिभेद सोडण्याचा निर्णय त्यांनी प्रवासात असताना स्वतःशीच वाद घालून घेतला. एवढा मोठा प्रसंग, पण तो सांगताना त्या व्यासपीठावर चढत नाहीत; शेजारणीला ओट्यावर बसून सांगावे तसे सांगतात.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. शाळेचे शिक्षण त्यांना जवळजवळ नव्हते. अक्षरे लग्नानंतर नवऱ्याकडून शिकल्या. अपत्यवियोग झाला, पतीचा विरह झाला, अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा केली, पोटच्या मुलांबरोबर दुसऱ्यांचीही मुले वाढविली. १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले. विनोद करण्यास सवड असलेल्या बाईचे हे आयुष्य नव्हे. रिकामपणातून विनोद सुचतो अशी आपली समजूत असते. ही बाई तो भरलेल्या घरातून, धुराच्या स्वयंपाकघरातून काढते. आणि ही शक्ती तरुणपणाची नाही. पुस्तक साठीच्या उंबरठ्यावर व त्यानंतर लिहिलेले आहे. त्या वेळी ज्यावर रडू आले असेल त्यावर आता हसता येते, आणि रडूही पुसले जात नाही. आमच्या वाचनात मराठी आत्मचरित्रांत हा तोल इतरत्र क्वचितच सापडला.

एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. लक्ष्मीबाई इतक्या गोड हसतात की टिळकांचा बेफिकीरपणा वाचकाला लोभस वाटू लागतो. उपाशी राहण्याची पाळी ज्यामुळे येते त्यालाही आपण 'कवीची लहर' म्हणून सोडून देतो. रहाटणीच्या बैठकीत हे प्रथम स्त्रियांनीच बोलून दाखविले. "घरात हसू राखायचं कामही आमच्याच वाट्याला का?" असे एकीने विचारले. पुरुष मंडळी चहाच्या कपात पाहू लागली. आम्हीही.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस आम्ही परीक्षेपुरता वाचला. तेराव्या शतकातील या धर्मपंडिताने आपल्या 'सुम्मा'मध्ये खेळ आणि थट्टा यांविषयी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, हे तेव्हा पानांवरून बोट फिरवत मागे टाकले होते. तेथे त्याने संत योहानाची जुनी कथा दिली आहे. योहान शिष्यांसह खेळताना पाहून काही लोक बिथरले. तेव्हा त्याने धनुष्य बाळगणाऱ्या एकाला बाण सोडायला सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले, आणि विचारले, हे सतत करता येईल काय? धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. अक्वायनस याहून पुढे जातो : जो स्वतः कधी हसत नाही आणि इतरांच्या हसण्यावर विरजण घालतो, त्याच्यात दोष आहे, असे तो स्पष्ट म्हणतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पावित्र्याविषयी लिहिताना विनोदबुद्धीला जागा दिली, आणि २०२४ च्या जूनमध्ये जगभरच्या शंभरावर विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलाविले, ते याच परंपरेला धरून. कबुलीजबाब ऐकण्याच्या इतक्या वर्षांत 'मी घरात हसत नाही' असा कबुलीजबाब मात्र आमच्या कानी पडलेला नाही.

आमच्या धर्मग्रामातील पुरुषांचे हात कसबी आहेत. वेल्डिंग, फिटिंग, साचेकाम; तीन पाळ्यांत हे हात चालतात आणि घरी येऊन मोबाईल धरतात. ही थट्टा नव्हे. दमलेल्या माणसाला आणखी काय सुचणार? तरीही आम्ही त्यांना एका माणसाविषयी सांगितले. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरहून शिकून याच परिसरातील टेल्कोत अभियंता म्हणून आले. १९७८ साली रजा घेऊन ते होशंगाबादच्या ग्रामीण विज्ञानशिक्षण उपक्रमात गेले. तेथे आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून, आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून, त्यांनी मुलांसाठी आकृती बनविल्या. ट्रक बनविणाऱ्या माणसाला काड्यांत रमता आले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लक्ष्मीबाईंनी पुस्तक ज्या मालातून घडविले तोही असाच, घरात सांडलेला, कोणी विकत न घेतलेला. आम्हांला या दोघांत नाते दिसते. समीक्षकांना ते ओढूनताणून आणलेले वाटेल, तर वाटो.

पुढच्या रविवारी एका घरी 'स्मृतिचित्रे'चे वाचन चालू असता कोपऱ्यात खुसखुस ऐकू आली. यजमान, चेसिसच्या विभागात काम करणारे गृहस्थ, मुलासह जमिनीवर बसले होते. काड्यांचा चौकोन केला की तो कलंडत होता. त्रिकोण केला की हलत नव्हता. मुलाने विचारले, "पप्पा, तुमच्या कंपनीत पण असंच असतं?" गृहस्थ म्हणाले, असते. मग ते त्याला आडव्या पट्ट्या कुठे आणि का जोडतात ते सांगू लागले, आणि वाचणाऱ्या बाईंना दोनदा थांबावे लागले. सौभाग्यवतींनी डोळे वटारले. पण नवऱ्याचे लक्ष नव्हते.

ज्या माउलीने मूळ प्रश्न विचारला, तिने 'स्मृतिचित्रे'ची आमची प्रत घरी नेली आहे. परत करण्याची तारीख तीन वेळा उलटली. धाकटा मीठ धुण्याचे पान रोज वाचायला लावतो, अशी तिची सबब आहे.