माकोंदोतील दोन विस्मृती

गाब्रिएल गार्सिआ मार्केस यांच्या 'सिएन आन्योस दे सोलेदाद' (१९६७), म्हणजे 'एकांताची शंभर वर्षे', या कादंबरीची चर्चा निघाली की माकोंदो गावावर आलेल्या विस्मृतीच्या साथीचा उल्लेख बहुधा होतोच. अद्भुताचा एक सुंदर नमुना म्हणून हा प्रसंग वाखाणला जातो आणि तेथेच सोडून दिला जातो. आमच्या मते त्याचे प्रयोजन पुष्कळ पुढे, केळीच्या मळ्यांतील मजुरांच्या कत्तलीपाशी, उघड होते. ते ध्यानी न घेता केलेले कौतुक हे अर्धेच वाचन होय.

साथीची हकीकत थोडक्यात अशी. आईबापांच्या अस्थींची पिशवी घेऊन रेबेका नावाची अनाथ पोर बुएंदिया कुटुंबात येते आणि तिच्यामागोमाग निद्रानाशाचा रोग येतो. घरातील आदिवासी दासी विसितासिओन ही त्याच रोगाच्या भयाने आपले राज्य सोडून आलेली असल्यामुळे तो तत्काळ ओळखते. झोप जाते याचे गावाला प्रथम दुःख नाही, उलट कामाला वेळ मिळाला म्हणून समाधानच वाटते. परंतु जागरणाच्या पाठोपाठ बाळपणाच्या आठवणी जातात, मग वस्तूंची नावे, मग माणसांची ओळख आणि अखेरीस स्वतःचीही. चांदीकाम करणाऱ्या औरेलिआनोला एके दिवशी हातापुढच्या लहानशा ऐरणीचे नाव आठवेनासे होते. तो ते कागदावर लिहून ऐरणीला चिकटवतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी भाषकांस हा तपशील विशेष जाणवतो. घराघरांतून शब्द असेच, वापरातल्या वस्तूवरून प्रथम निसटतात.

पुढे बाप होसे आर्कादिओ बुएंदिया शाई-कुंचला घेऊन टेबल, खुर्ची, घड्याळ, गुरेढोरे, झाडे अशा सर्वांवर नावे लिहून काढतो. नाव राहील, पण उपयोग विसरला तर काय, या शंकेने गाईच्या गळ्यात तिचे दूध रोज सकाळी काढावयाचे असते अशी सविस्तर पाटी बांधली जाते. या पाट्यांचे मर्म आम्हांस असे वाटते की, त्या वस्तूचे नाव व उपयोग जपतात, वस्तूचा पूर्ववृत्तान्त जपत नाहीत. गाय कोणाची, कोठून आली, कोणाकडून हिरावली, हे पाटीवर नसते. पाट्यांनी चालणारे गाव व्यवहार करू शकते, परंतु साक्ष देऊ शकत नाही.

ही साथ एका पेयाने बरी होते. मेल्कियादेस परत येतो, एक घोट पाजतो आणि स्मृती उजळते. निव्वळ कथारचनेच्या दृष्टीने हा शेवट आम्हांस उतावळा वाटतो. चौदा हजारांच्या आसपास नोंदी झालेले होसे आर्कादिओचे स्मृतियंत्र त्यामुळे एका क्षणात निकामी ठरते. तथापि लेखकाला येथे हेच हवे असावे. जो रोग आहे त्याला औषध असते.

दुसऱ्या विस्मृतीला औषध नाही, कारण ती रोग नव्हे. संपावर गेलेले मजूर स्थानकापाशी जमतात आणि सैन्य गोळीबार करते. होसे आर्कादिओ सेगुंदो शुद्धीवर येतो तो प्रेतांनी भरलेल्या आगगाडीत. उडी टाकून तो गावात परततो, तर येथे कोणी मेलेले नाही असे त्याला सांगण्यात येते. पुढे घराची झडती घेणारा अधिकारी तो बसला आहे त्याच खोलीत पाहतो, पण त्याला तो दिसतच नाही. आमच्या दृष्टीने संपूर्ण कादंबरीतील सर्वांत भयंकर अद्भुत हेच. याच्या मुळाशी सत्य घटना आहे. युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी मजुरांवर कोलंबियातील सिएनागा येथे डिसेंबर १९२८ मध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, आणि त्या सैन्याचे प्रमुख जनरल कोर्तेस वार्गास यांचे नाव लेखकाने कादंबरीत न बदलता ठेवले आहे. स्वतः लेखकाचा जन्म जवळच्याच आराकाताका गावी १९२७ चा.

येथे आपल्या वाचकास शाकुंतल आठवल्यावाचून राहणार नाही. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंत काहीच विसरलेला नाही. भर सभेत तो जाणूनबुजून शकुंतलेला ओळख नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप घालून त्या नकाराची विस्मृती केली आणि राजाला दोषमुक्त केले. नाटक त्यामुळे अधिक रम्य झाले यात शंका नाही, पण शकुंतलेचा मूळचा संताप तेवढा मवाळ झाला. मार्केस यांचा प्रवास नेमका उलट्या दिशेचा आहे. ते आधी शाप दाखवतात व मग नकार, आणि नकाराला शापाचा आडोसा मिळू देत नाहीत.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. कादंबरीतील मृतांचा तीन हजारांचा आकडा आपण कथेच्या विस्ताराला साजेल असा वाढविला, हे लेखकाने पुढे स्वतःच सांगितले आहे. वास्तविक किती मेले याविषयी एकमत नाही. सरकारी विस्मृतीविरुद्ध उभी राहणारी स्मृतीच जर कल्पित आकड्यावर उभी असेल, तर नाकारणाऱ्यांच्या हाती आयते शस्त्र येते. यात आम्हांस धोका दिसतो. कलेला अतिशयोक्तीचा अधिकार आहे एवढे म्हणून तो दूर होत नाही. मात्र कादंबरीने या साक्षीला समाजाची मान्यता कोठेही मिळवून दिलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. होसे आर्कादिओ सेगुंदो मरताना आकडा लक्षात ठेव असे धाकट्या औरेलिआनोला बजावतो. तो ते सांगत फिरतो, आणि लोक त्याला भ्रमिष्ट समजतात. त्याचे खरे मानणारा मित्र एकच, आणि त्याचे नाव लेखकाने गाब्रिएल ठेवले आहे. माकोंदो वाऱ्याने पुसले जाण्यापूर्वीच हा गाब्रिएल पॅरिसला निघून गेलेला असतो.