बहिणाबाई आणि ‘लेखकाचा मृत्यू’

मागच्या पोस्टमध्ये रोलाँ बार्तचा ‘लेखकाचा मृत्यू’ (१९६७) हा निबंध बघितला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लेखकाला काय म्हणायचं होतं हे शोधत बसू नका, अर्थ वाचकाकडे जुळतो. वर्गात पटतं. पण हाच निबंध घेऊन जळगावजवळच्या आसोद्याला गेलो, की गाडी अडते.

बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करता करता त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ती ऐकून टिपून ठेवली. बहिणाबाई गेल्यावर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. म्हणजे ओळ कुठे तोडायची, उच्चार कसा लिहायचा हे ऐकणाऱ्यांनी ठरवलं. बार्तचा वाचक लेखक मेल्यावर जन्मतो. इथे तो पुस्तकाच्याही आधी हजर आहे.

मग सगळा अर्थ वाचकाचाच का? एक शब्द घ्या: ‘काया’. प्रमाण मराठीच्या वाचकाला तिथे शरीर दिसेल. पण गाणी लेवा गणबोलीतली आहेत आणि तिथे ‘ळ’चा ‘य’ होतो. शेताला ‘काया’ म्हटलं की ते काळं शेत. धुळ्याला ‘धुये’ म्हणणारा अहिराणी माणूसही इथे चुकत नाही. स्टॅन्ली फिश ज्याला वाचकांचा समुदाय म्हणतो, तो हाच. अर्थ एकट्या वाचकाच्या मर्जीवर चालत नाही.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. ‘निरक्षर बाई, तरी बघा!’ असं म्हणत आपण ही गाणी वाचतो. लेखकाचं नाव वाचनाला चौकट घालतं, हे मिशेल फूकोने १९६९ मध्ये सांगितलंच होतं. या चौकटीत सगळं ‘आपोआप सुचलेलं’ ठरतं. शब्दाची निवड, यमक, पुनरुक्ती हे त्यांनी विचार करून केलं असेल, ही शक्यताच आपण ठेवत नाही. चमत्कार म्हटलं की समीक्षा करायला नको, सोयीचं आहे.

बार्तने मारला तो लेखक आधी सिंहासनावर बसलेला होता. बहिणाबाईंना ती जागा अजून पुरती मिळालेलीच नाही. विद्यापीठाला त्यांचं नाव २०१८ मध्ये दिलं, चांगलंच झालं. आता त्यांच्या रचनेचं कसबही तपासू या. त्यासाठी निदान आमच्या खानदेशात तरी लेखक काही दिवस जिवंत ठेवावा लागेल.