सन्मानचिन्हात गाव दिसले पाहिजे

बीड जिल्ह्यात सत्कारांना तोटा नाही. अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह, गणेश मंडळांच्या स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलने, शिक्षक दिन, कुस्तीचे आखाडे, कबड्डीची मैदाने. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह सगळीकडे असतेच. यातली शाल अंगावर येते, नारळ स्वयंपाकात जातो. सन्मानचिन्ह मात्र कपाटात धूळ खात पडते, आणि दोष घेणाऱ्याचा नसतो. सोनेरी मुलाम्याचा प्लॅस्टिकचा कप, लाकडी पाटीवर चिकटवलेले ॲक्रिलिक, लेझरने नाव कोरलेला काचेचा ठोकळा: बीडला मिळाले काय किंवा मुंबईला, वस्तू तीच. पुरस्कार देणाऱ्या संस्थेचा, गावाचा, कामाचा तिच्यात मागमूस नसतो.

चांगले सन्मानचिन्ह कसे असते, हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असे नाही. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा खांद्यावर घेतलेला मल्ल दिसला की नाव वाचावे लागत नाही. ज्ञानपीठाची वाग्देवीची कांस्यप्रतिमाही अशीच. ही झाली आकाराची ताकद. द्रव्यही बोलू शकते, हे ऑलिंपिकने दाखवले. टोकियो 2020ची पदके जपानी नागरिकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूंची होती. त्यासाठी सुमारे 79 हजार टन इलेक्ट्रॉनिक भंगार आणि 62 लाख मोबाइल गोळा झाले. पॅरिस 2024च्या प्रत्येक पदकात आयफेल टॉवरचे 18 ग्रॅम मूळ लोखंड बसवले होते. ते पदक दुसऱ्या कुठल्या शहराचे असूच शकत नव्हते.

मग टाकाऊ काच आणि चिनीमातीतून सन्मानचिन्हे घडवण्याच्या कलेचे काय? अलीकडे ‘पर्यावरणपूरक ट्रॉफी’ या नावाखाली बरेच काही खपते, आणि इथे समीक्षकाने कठोर व्हायला हवे. बाटल्यांचे तुकडे साच्यात टाकून वर इपॉक्सी रेझिन ओतले की चमकदार वस्तू तयार होते; पण रेझिन हे प्लॅस्टिकच. जी काच पुन्हापुन्हा वितळवता आली असती, ती त्यात कायमची अडकते. अशा कामाला पुनर्वापर म्हणणे चूक आहे. दुसरा प्रकार फुटक्या फरश्यांच्या मोझेकचा. बार्सिलोनात गौदीने आणि चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या तुकड्यांतून थोर काम केले, कारण त्यांनी तुकड्याच्या रंगाचा आणि कडेचा विचार केला. नुसते सिमेंटात तुकडे खोचून ती उंची गाठता येत नाही.

खरी कला भट्टीत सुरू होते आणि तिचे नियम कडक आहेत. काचेचे तुकडे साधारण 750 ते 820 अंश सेल्सिअसला एकमेकांत मिसळतात. पण बाटलीची काच आणि खिडकीची काच थंड होताना सारख्या आकसल्या नाहीत, तर वस्तू तडकते. म्हणून एका वस्तूला एकाच जातीची काच वापरावी लागते आणि ती फार सावकाश निववावी लागते. चिनीमातीचे उलटे आहे. एकदा भाजलेली माती पुन्हा मऊ होत नाही. ती कुटून, चाळून, तिचा भुगा कच्च्या मातीत मिसळावा लागतो. त्याने वाळताना माती कमी आकसते आणि चिरा कमी पडतात. काचेच्या भट्टीत चिनीमातीचा कण गेला, तर तो न वितळता खड्यासारखा राहतो. म्हणजे या कलेचा पहिला धडा भंगार वेगळे करण्याचा आहे. हा धडा न गिरवता घडवलेली वस्तू सुंदर दिसली, तरी टिकेलच असे नाही.

द्रव्याच्या बाबतीत मराठवाडा दरिद्री नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहनकाळातले काचेचे मणी आणि भाजक्या मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख तिथल्या विटांत जाते. सिलिका आणि ॲल्युमिना असलेली ही राख मातीकामालाही चालते. कासाराकडे फुटक्या बांगड्या, भंगारवाल्याकडे बाटल्या आणि बांधकामावर तुटक्या फरश्या असतात. मातीत राख आणि लीद मिसळण्याचे ज्ञान कुंभाराच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. कुंभाराच्या आव्यात उष्णता पुरते, पण ती सगळीकडे सारखी नसते आणि हळू उतरवता येत नाही. काचेसाठी विजेची भट्टी लागेल. गांधीवादी कृष्णमूर्ती मिरमिरांनी भद्रावतीला ग्रामोदय संघातून कुंभारकामाला नवे तंत्र आणि प्रतिष्ठा दिली. 1908 साली तळेगावचा काच कारखाना लोकांच्या एकेका पैशातून, पैसाफंडातून, उभा राहिला. अशा कामासाठी महाराष्ट्राने वर्गणी काढलेली आहे.

कमी आहे ती मागणी. आयोजक सभागृहाच्या सजावटीवर सढळ हाताने खर्च करतात आणि सन्मानचिन्ह कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुकानातून उचलतात. मातीला वाळायला, भट्टीला निवायला दिवस लागतात; आदल्या दिवशीच्या घाईत कला जन्मत नाही. माझे मत स्पष्ट आहे: ज्या संस्थेला पुरस्कार वर्षानुवर्षे चालवायचा आहे, तिने एक शिल्पकार आणि एक कुंभार बरोबर घेऊन आपला आकार एकदाच ठरवावा, तीन महिने आधी काम सांगावे आणि घडवणाऱ्याचे नाव चिन्हाच्या तळाशी कोरावे. अंबाजोगाई, परळी, बीडच्या आयोजकांनी यंदा एका पुरस्कारापासून तरी ही सुरुवात करावी.