पुतळे गेले, पाणी राहिले

टोकावड्याहून माळशेजच्या दिशेने निघाले की वैशाखऱ्याच्या आसपास उजव्या हाताला सह्याद्रीच्या भिंतीतून एक सुळका वर आलेला दिसतो. लोक त्याला नानाचा अंगठा म्हणतात. त्याच्याच आधाराने जी दगडी वाट वर चढते, ती नाणेघाटाची. कल्याण व सोपारा या बंदरांतील माल जुन्नरच्या पेठेकडे नेणारी ही वाट दोन हजार वर्षांपूर्वी वाहती होती.

आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते. स्मारकाची मात्र होत नाही. स्मारकाचे उद्घाटन होते आणि वर्षातून एकदा त्याला हार घातला जातो. श्रद्धेच्या वस्तूकडे रसिकाच्या डोळ्यांनी पाहणे कित्येकांना अप्रशस्त वाटते. पण स्मारक हीही एक रचना आहे, आणि ती कधी साधते, कधी फसते. मुरबाड तालुक्याच्या परिसरातील दोन स्मारकांच्या आधारे त्याविषयी काही लिहावे, असा आमचा विचार आहे.

पहिले स्मारक म्हणजे नाणेघाटाच्या माथ्याजवळील लेणे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातले ते मानले जाते. सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील दीर्घ शिलालेख त्याच्या दोन भिंतींवर कोरलेला आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्या प्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे, गावे व नाणी यांची ती भलीमोठी यादी होय. संख्या दाखवणारी भारतातील अतिप्राचीन चिन्हे तीत असल्यामुळे गणिताचे अभ्यासकही या लेण्याचे नाव घेतात. मागील भिंतीवर राजकुटुंबाच्या प्रतिमा होत्या: सिमुक सातवाहन, श्रीसातकर्णी आणि नागनिका, राजपुत्र, महारठी. १८२८ साली साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेण्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी लेखांचा कसून अभ्यास केला. तोवर त्या प्रतिमांचे काय उरले होते? काहींच्या पावलांच्या खुणा, आणि वर कोरलेली नावे.

मजकूर पाहिला तर ही निव्वळ राजवैभवाची बढाई आहे. घाट चढून दमलेल्या वाटसरूला राजाने किती यज्ञ केले हे ऐकवण्यात कसली आली नम्रता? तरीही स्मारक म्हणून हे लेणे आम्हांला थोर वाटते, आणि त्याचे श्रेय ज्याने जागा निवडली त्याला द्यावे लागते. त्याने प्रतिमांसाठी वेगळा चौथरा उभारला नाही. चढ संपतो, छातीत धाप लागलेली असते, सावली हवी असते, नेमक्या त्या ठिकाणी डोंगर पोखरून त्याने खोली केली. तिच्या आत भिंतींना लागून बसायला दगडी ओटा ठेवला. आसपास खडकात पाण्याची टाकी खोदली गेली. वाटसरू बसला, पाणी प्यायला, आणि बसल्या बसल्या त्याची नजर समोरच्या प्रतिमांवर गेली. आधी विसावा, मग स्मरण. प्रतिमा फुटल्या, राजघराणे गेले, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा रांजण रिता झाला. परंतु आजही पावसाळ्यात घाट चढणारी पोरे त्याच ओट्यावर डबा सोडतात. (त्यांतली काही भिंतीवर आपलेही नाव कोरून जातात, हे सांगताना लाज वाटते.)

दुसरे स्मारक याच तालुक्याच्या दक्षिण अंगाला, सिद्धगडाच्या रानात आहे. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठलराव ऊर्फ भाई कोतवाल वकील झाले. सावकारी पाशातील शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठी काढली, आणि बेचाळीसच्या आंदोलनात ‘आझाद दस्ता’ उभारून विजेचे मनोरे पाडण्याचे धाडस केले. सरकारने बक्षीस लावले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी सिद्धगडाच्या पायथ्याच्या जंगलात दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि मानिवलीचे तरुण हिराजी पाटील तेथेच गोळ्यांना बळी पडले. भाईंचे वय अवघे तीस.

दरवर्षी २ जानेवारीला लोक येथे जमतात आणि पहाटेच्या थंडीत हुतात्म्यांना मानवंदना देतात. या स्मारकाचा खरा प्राण आमच्या मते या पहाटेत आहे. जी वेळ, जे धुके, जी झाडी त्या दोघांनी शेवटची पाहिली, तीच येणारा माणूस पाहतो. कोणत्याही शिल्पकाराला हे संगमरवरात आणता यायचे नाही. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या पाखाड्यांत जे क्रूस उभे राहिले, त्यांचे बांधकाम ते किती? पण संध्याकाळी शेजारपाजारचे चार जण तेथे जपमाळेला उभे राहिले, म्हणूनच ते टिकले.

याच्या उलट उदाहरणही डोळ्यांपुढे आहे. १९८० नंतरच्या काही वर्षांत राज्य शासनाने महाराष्ट्रभर सुमारे दोनशे हुतात्मा स्मारके बांधली. हेतू चांगला होता, खर्चही झाला. पण कोकणातल्या पावसाला आणि मराठवाड्याच्या उन्हाला एकच आराखडा! त्या गावची माती, तिथला दगड, तिथे घडलेली गोष्ट, यांतले काहीच त्या इमारतीला विचारले गेले नाही. गावाला तिचे काय करावे हे कळले नाही आणि कित्येक ठिकाणी तिला कुलूप लागले. पडझड झाली की आपण गावाला कृतघ्न म्हणतो. आराखड्याला कोणी दोष देत नाही.

मग सिद्धगडासारख्या जागी रचनाकाराने काय करावे? वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाची कथा येथे आठवते. १९८१ च्या खुल्या स्पर्धेत माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा निवडला गेला. जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती, आणि त्यांवर मृत्यूच्या क्रमाने ५८ हजारांच्या आसपास नावे. बाकी काही नाही. पुष्कळांना तो सैनिकांचा अपमान वाटला. पुतळा हवाच, असा आग्रह झाला आणि १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवण्यात आला. पण येणारी माणसे भिंतीपाशी थांबतात. आपल्या माणसाचे नाव शोधतात, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि तो ठसा घरी नेतात.

सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात येतो. तेथे डोंगराच्या उंचीशी स्पर्धा करणारा पुतळा, त्यासाठी रुंद रस्ता, रस्त्यासाठी झाडतोड, आणि शेवटी मोटारी उभ्या करायला सपाट केलेला माळ अशी कल्पना कोणी मांडली, तर टाळ्या मिळतील. मात्र ज्या रानाने दस्त्याला लपवले तेच त्यात जाईल. रानच नाहीसे झाल्यावर तेथे लपावे का लागले, हे मुलांना कसे समजावणार? आम्हांला तेथे हवी आहे ती पायवाट: स्थानिक दगडाची, पावसात न वाहून जाणारी. वाटेत बसायला दोन-चार ओटे, पिण्याचे पाणी, आणि अखेरीस झाडे न हलवता मोकळी ठेवलेली जागा. नाणेघाटात याहून अधिक काय होते?

आणि नावे. दोन नावे सर्वांना ठाऊक आहेत, ती ठाऊक असलीच पाहिजेत. पण रानात दिवसचे दिवस काढणाऱ्या तुकडीला कोणीतरी भाकर पोहोचवली असणार, कोणीतरी पोलिसांची चाहूल सांगितली असणार. आसपासच्या गावांतली, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरची ती माणसे कोणत्याही शिळेवर सहसा नसतात. वाटेवरच्या एकेका दगडावर त्यांचे एकेक नाव असावे. मात्र ते कोरण्यासाठी आधी मिळवावे लागेल. ती पिढी आता उरलेली नाही. तिची नातवंडे साठी-सत्तरीला आली असतील. गवंड्याला बोलावण्याआधी कोणीतरी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले पाहिजे.