व्युत्पन्न कोणाला म्हणावं?

श्रोतेहो, धामणगाव बढे इथल्या या व्याख्यानात आपण एकाच शब्दाचा विचार करू : व्युत्पत्ती. आज या शब्दाचा एकच अर्थ उरलाय, शब्दाचं मूळ सांगणं. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' आपल्याला आठवतो, तो त्याच अर्थानं. पण जुनी माणसं एखाद्याला 'व्युत्पन्न' म्हणत, तेव्हा त्यांना चौफेर ज्ञानाचा माणूस अभिप्रेत असे. धातू 'पद्', म्हणजे जाणं. 'उत्पत्ती' म्हणजे उगवणं. मागे 'वि' लागला, की त्यात वेगळेपणाची छटा येते. मग शब्दाचं मूळ आणि माणसाचं ज्ञान, या दोन्हींना एकच नाव कसं?

साहित्यशास्त्रात याचा ऊहापोह केला राजशेखरानं, नवव्या-दहाव्या शतकांच्या संधीवर. त्याच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे वाशीम, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं! हा राजशेखर आधी पूर्वाचार्यांचं मत देतो : पुष्कळ गोष्टी ठाऊक असणं म्हणजे व्युत्पत्ती. मग स्वतःचं मत सांगतो : उचित काय आणि अनुचित काय, हे ओळखणं म्हणजे व्युत्पत्ती. बघा, माहितीकडून त्यानं मोजपट्टी विवेकाकडे नेली.

पण हा विवेक येतो कुठून? आमच्या मते याचं उत्तर दर्शनांत आहे. मूल भाषा कसं शिकतं, याचा विचार मीमांसकांनी केला आणि त्यालाही 'व्युत्पत्ती' म्हटलं. वडीलधारा म्हणतो, 'गाय आण', दुसरा आणतो. मूल बघत असतं. मग 'गाय बांध', 'घोडा आण'. एक शब्द बदलला की कृती कुठं बदलते, हे पाहत मूल अर्थ वेगळे करतं. म्हणजे वेगळं करण्याची शक्ती ज्ञान साठल्यानंतर येत नाही. ज्ञान होतं तेच वेगळं करता करता. राजशेखरानं विवेक बाहेरून आणून जोडला नाही. तो त्या शब्दात होताच.

आता ही कसोटी लावून पाहू. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपानं आली. त्यांना आपण कौतुकानं 'अशिक्षित प्रतिभावंत' म्हणतो. आम्हाला हे कौतुक अपुरं वाटतं. त्यात प्रतिभा मान्य होते, व्युत्पत्ती मात्र नाकारली जाते. जातं, चूल, पेरणी, सुगरण पक्ष्याचं घरटं, सणवार, देवादिकांच्या कथा, एवढा पसारा या बाईंच्या ध्यानात आहे. शिवाय कोणती गोष्ट कुठं बसेल, याचा अंदाज चुकत नाही. घरट्याचं वर्णन माणसाच्या हातांपर्यंत येतं, ते उपदेशासाठी ओढूनताणून नव्हे. 'बहुश्रुत' म्हणजे ज्यानं पुष्कळ ऐकलं तो. हा शब्द त्यांना अक्षरशः लागू पडतो. आणि काव्याला विषय कुठून मिळतो, याची यादी देताना राजशेखरानंही वेद-पुराणांच्या रांगेत 'लोक' हे उगमस्थान ठेवलंच आहे.

उलट आजची काही समीक्षा घ्या. एका परिच्छेदात पाच पाश्चात्त्य विचारवंत येतात, आणि त्यातल्या एकाचंही समोरच्या कवितेशी काही काम नसतं. ही बहुज्ञता झाली. नावं काढून टाकली तरी अर्थ बदलत नसेल, तर तिथं व्युत्पत्ती नाही. मीमांसकांचं मूलसुद्धा ही परीक्षा घेतं : शब्द बदलला, तर कृती बदलते का?

म्हणून गावात ग्रंथालय लहान आहे, पदवी नाही, एवढ्यावरून कुणी स्वतःला अव्युत्पन्न समजू नये. आणि पदवी आहे, एवढ्यावरून व्युत्पन्नही समजू नये. हे दुसरं वाक्य आम्हा प्राध्यापकांसाठी आहे.