कातडे कमावणारे आणि लेदर जपणारे

घरातील वस्तूंची निगा कशी राखावी हे सांगणारे लेखन मराठी नियतकालिकांतून वर्षानुवर्षे येत आहे. ते निरुपद्रवी समजले जाते. समीक्षकाने त्याची दखल घेऊ नये असा संकेतच आहे. पण जे लेखन कोणी तपासत नाही, त्यातच समाजाचे मन उघडे पडते असे मला वाटते. म्हणून अशाच एका लेखाविषयी लिहितो आहे.

आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकारी प्राध्यापकाने रविवारच्या पुरवणीतले कात्रण आणले. विषय होता, जुन्या लेदर बॅगा, पट्टे, पाकिटे घरच्या घरी पुन्हा नवीन कशी करावीत. सोबत त्याची स्वतःची बॅगही होती. वडिलांची, तीस वर्षांची. लेखात सांगितल्याप्रमाणे त्याने ती पुसली, तेल चोळले, रंग लावला आणि गच्चीवर उन्हात वाळवली. रंग डागाडागांनी बसला होता आणि घडीवर भेगा पडल्या होत्या. “सर, काय चुकलं असेल?” त्याने सगळ्यांनाच विचारले.

काय चुकले ते मला पाहताक्षणी कळले होते. मी बोललो नाही.

माझे वडील एस.टी. स्टँडबाहेर झाडाखाली बसत. रापी, आरी, पाण्याची कुंडी आणि रंगाच्या दोन बाटल्या हे त्यांचे दुकान. शाळा सुटली की मी तिथे बसून अभ्यास करायचो. बा म्हणायचा, “आधी तेल पाजलंस तर रंग कुठं बसंल?” एवढ्या एका वाक्यात त्या लेखाचे खंडन आहे. जुन्या कातड्यावर पॉलिश, मेण आणि हातांचा तेलकटपणा साचलेला असतो. तो आधी स्पिरिटच्या फडक्याने काढावा लागतो. खरखरीत जागी बारीक काचपेपर हलक्या हाताने फिरवायचा, भेग असेल तर ती भरून घ्यायची, आणि रंग आतल्या बाजूच्या कोपऱ्यावर लावून पाहायचा. रंगातही दोन जाती : एक कातड्यात मुरतो, दुसरा वर थर धरतो. मुरणाऱ्या रंगाने फिके कातडे गडद करता येते, गडद कातडे फिके करता येत नाही. रंगाचे हात पातळ द्यायचे, एक वाळला की मग दुसरा. तेल सर्वांत शेवटी, तेही बेताने. आणि वाळवायचे सावलीत, कारण कडक उन्हात कातडे आखडते आणि तडकते. पापुद्रे सुटलेली वस्तू समोर आली तर आधी तिची कड पाहायची. कडेला तंतू दिसले तर कातडे, कापड दिसले तर रेक्झिन. रेक्झिनला कितीही रंग दिला तरी ते सुटतच राहते.

हे ज्ञान आहे. द्रव्याचा स्वभाव, क्रम आणि कारण यांचे ज्ञान. पुरवणीतल्या लेखकाला ते नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. ज्याला ते आहे तो त्याच्या घराच्या कोपऱ्यावरच बसलेला असतो, पण त्याला विचारावे असे लेखकाच्या मनातही येत नाही. संपूर्ण लेखात चांभार हा शब्द नाही, मोची नाही, माणूसच नाही. जणू लेदर दुकानात उगवते आणि कपाटात म्हातारे होते.

आता या लेखाची भाषा पाहू. एकाच वस्तूला मराठीत तीन नावे आहेत. पांढरपेशांच्या घरात ते ‘लेदर’ असते. सरकारी पाटीवर ते ‘चर्म’ होते. आमच्या वस्तीत ते ‘कातडे’ असते आणि त्याला वास असतो. इंग्रजी शब्दाने वास जातो, संस्कृत शब्दाने माणूस जातो. लेखकाने ‘लेदर’ हा शब्द सहज वापरला असेल. मात्र हा सहजपणा त्याला व्यवस्थेने दिला आहे.

मराठीत आणखी एक क्रियापद आहे : कमावणे. पैसा कमावतात तसे कातडेही कमावतात. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवायचे, तेव्हा कुजणारी वस्तू टिकाऊ होते. भाषेने दोन्ही कृतींना एकच शब्द दिला. व्यवस्थेने कातडे कमावण्याचे काम एकाला दिले आणि पैसा कमावण्याचे दुसऱ्याला.

इथे आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. मेलेले जनावर ओढून नेणे महाराच्या वाट्याला, कातडे कमावणे ढोराच्या आणि जोडा शिवणे चांभाराच्या. एकच कातडे तीन वस्त्यांतून फिरायचे आणि प्रत्येक वस्ती दुसरीला खालची मानायची. माझ्या आजीला ढोराघरचे पाणी चालत नसे. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती मी पुस्तकात वाचण्याआधी चुलीपाशी पाहिली आहे.

माझ्या मांडणीवर दोन बाजूंनी आक्षेप येईल. एक मित्र म्हणेल, या कलेचा अभिमान बाळगा, ती जपा. अभिमानाची ही भाषा सध्या जोरात आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर तसलीच चप्पल दाखवली, तेव्हा सारा महाराष्ट्र आपल्या वारशासाठी संतापला. संताप रास्त होता. पण ‘आपला वारसा’ म्हणणाऱ्यांपैकी कितीजण ती चप्पल शिवणाऱ्याच्या घरी पाणी प्यायले होते? कौतुक वस्तूचे होते, तेव्हा माणूस पुन्हा त्याच जागी बसवला जातो.

दुसरा मित्र म्हणेल, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृतमांस सोडायला सांगितले, लाचारीची कामे टाकायला सांगितले. मग तुम्ही रापी कशाला आठवता? हा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे उचलायला नकार दिला आणि जमीन मागितली. तो नकार मला पूर्ण मान्य आहे. मीही बाच्या जागेवर बसलो नाही आणि माझ्या मुलीने बसावे असे मला वाटत नाही.

परंतु धंदा टाकणे वेगळे आणि ज्ञान टाकणे वेगळे. जन्माने लादलेले काम नाकारायचेच. त्या कामात पिढ्यांनी जे शोधून काढले ते आमचे आहे, ते लाजेपोटी गाडून टाकले तर उद्या पुरवणीतला लेखक तेच अर्धवट शिकून आम्हालाच शिकवेल. तो हौस म्हणून बॅग रंगवील तेव्हा सर्जनशील ठरेल. त्याच बोटांना तोच रंग लागला म्हणून माझ्या बापाला मात्र चहा बाहेरच्या कपात मिळत असे.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी गप्प बसलो, कारण तोंड उघडले असते तर ‘सर, तुम्हाला हे कसं माहीत?’ हा प्रश्न आला असता. पंधरा वर्षांच्या नोकरीत जे मी सांगितले नव्हते ते सांगावे लागले असते. लेखातून माणूस वगळणाऱ्या लेखकावर मी टीका करतो आहे. त्या खोलीत बाला मीही वगळले होते, हे इथे नोंदवले पाहिजे.

चार दिवसांनी मी त्या सहकाऱ्याला बॅग मागितली. घरी स्पिरिटने रंग उतरवला, भेगा भरल्या, पातळ तीन हात दिले आणि सावलीत वाळवली. परत देताना त्याने अपेक्षित प्रश्न विचारला. मी म्हणालो, “माझे वडील चांभारकाम करायचे. त्यांनी शिकवलं.” तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, “लेखात हे नव्हतं.”

“नव्हतंच,” मी म्हणालो, आणि तासाला गेलो.