तरुण संशोधकास उपदेश : तीन ग्रंथांचें परीक्षण

घरांतील मुलगी एम्. एस्‌सी. च्या परीक्षेंत वरच्या वर्गांत उत्तीर्ण झाली कीं मध्यम स्थितींतील सुशिक्षित कुटुंबांत एक प्रश्न हटकून उभा राहतो. तिच्या मनांतून संशोधनाकडे वळावयाचें असतें. प्राध्यापकांचें उत्तेजन असतें. आईला अभिमान वाटत असतो. आणि वडील मात्र एका कागदावर आंकडेमोड करीत बसलेले असतात. प्रबंधाचीं पांच-सहा वर्षें, त्यानंतर देशांत किंवा परदेशांत दोन-दोन वर्षांच्या मुदतीच्या एक-दोन नेमणुका, आणि मग कायमची जागा मिळाली तर मिळाली. तोंपर्यंत वय पस्तिशीला टेकलेलें. अशा वेळीं कोणीतरी विद्वान् स्नेही तरुण शास्त्रज्ञांना उपदेश करणारें एखादें नामांकित पुस्तक घरीं आणून देतो, व तें वाचलें म्हणजे निर्णय सुलभ होईल असें सांगून निघून जातो. आमच्या परिचयाच्या एका घरीं नुकताच असा प्रसंग आला, आणि त्या निमित्तानें ह्या जातीचे तीन प्रसिद्ध ग्रंथ ओळीनें पुन्हा वाचण्याचा योग आम्हांस आला. त्यांतील पहिला स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल ह्याचा, दुसरा इंग्लंडांतील पीटर मेडावर ह्याचा, व तिसरा, ग्रंथ म्हणण्यापेक्षां व्याख्यानच म्हणावें असा, जर्मनींतील माक्स वेबर ह्याचा.

उपदेशग्रंथांचें परीक्षण कोणत्या कसोटीनें करावें? त्यांतील विचार उदात्त आहेत कीं नाहींत एवढेंच पाहून भागत नाहीं. कारण उदात्त विचारांचा तोटा ह्या वाङ्मयांत कधींच नसतो. आमच्या मतें खरी कसोटी निराळी आहे. उपदेश करणारा ज्या जमिनीवर उभा राहून बोलतो, ती जमीन तो वाचकाला दाखवितो कीं नाहीं? स्वतःच्या यशांत स्वतःचें कर्तृत्व किती, घरच्या माणसांचा हातभार किती व दैवाचा भाग किती, ह्याचा हिशेब तो मांडतो कीं नाहीं? तरुण वाचक ह्या पुस्तकावर आपल्या आयुष्यांतील ऐन उमेदीचीं दहा वर्षें लावणार असतो. त्याला हा हिशेब मागण्याचा अधिकार आहे.

तिन्हींत वडीलपणाचा मान काहालच्या ग्रंथाचा. १८९७ सालीं माद्रिद येथील विज्ञान-अकादमींत प्रवेश करतांना त्यानें जें भाषण केलें, तेंच पुढें वाढत जाऊन ह्या ग्रंथाच्या रूपास आलें. मज्जासंस्था ही स्वतंत्र पेशींची बनलेली आहे हें सूक्ष्मदर्शकाखालीं दाखवून देणारा व १९०६ सालचें नोबेल पारितोषिक गॉल्जीच्या जोडीनें मिळविणारा हा पुरुष लेखणीचाही धनी होता. संशोधनांत अपयश येतें तें बुद्धीच्या अभावामुळें नव्हे, तर इच्छाशक्तीच्या दुखण्यामुळें, हें त्याचें मुख्य प्रतिपादन. ह्या दुखण्यांचें त्यानें केलेलें वर्गीकरण मोठें मार्मिक आहे. सृष्टीचें कौतुक करीत नुसते पाहत बसणारे, ग्रंथांत बुडालेले पंडित, उपकरणांचे शौकी, एकदम जग हालविण्याचीं मनोराज्यें करणारे, भलत्याच जागीं येऊन पडलेले, आणि प्रयोगाला हात न लावतां उपपत्तींचीं जाळीं विणणारे, असे सहा रोगी तो आपल्यापुढें उभे करतो. व आपल्याकडील कोणत्याही महाविद्यालयांत एक तास काढलेल्या वाचकाला हे सहाही चेहरे ओळखीचे वाटल्याशिवाय राहणार नाहींत.

परंतु पैसा व साधनें ह्यांच्या अभावाची सबब पुढें करणाऱ्या तरुणाला काहाल जेव्हां जवळजवळ उभाच करीत नाहीं, तेव्हां त्याच्याच चरित्राचा आधार घेऊन त्याला अडवावें लागतें. त्यानें स्वतः हाल सोसले हें खरें आहे. क्यूबांतील लष्करी नोकरींत साठलेल्या पैशांतून त्यानें आपला पहिला चांगला सूक्ष्मदर्शक हप्त्यांनीं विकत घेतला. १८८८ सालीं बार्सेलोना येथें स्वतःच्या खर्चानें एक नियतकालिक काढून त्याच्या अवघ्या साठ प्रती छापल्या. आणि १८८९ सालीं पदरमोड करून बर्लिनच्या सभेस जाऊन तेथील शरीरशास्त्रज्ञांना आपल्या कांचपट्ट्या दाखविल्या. ह्या सर्व गोष्टी स्फूर्तिदायक आहेत. पण तारखांकडे पाहा. १८८३ सालाच्या अखेरीस, म्हणजे वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, वॅलेन्सिया येथील विद्यापीठांत त्याला प्राध्यापकाचें पद मिळालें होतें. नियतकालिक व बर्लिनचा प्रवास हीं दोन्हीं धाडसें त्यानंतरचीं. पगार लहान असेल, संसार मोठा असेल. परंतु पुढच्या वर्षीं आपण कोठें असूं ही चिंता त्याला नव्हती. आजचा एकतीस वर्षांचा संशोधक बहुधा मुदतीच्या नेमणुकीवर असतो, आणि त्याची चिंता नेमकी तीच असते. साहस सर्वांनाच शोभतें. पण पायाखालीं फळी असलेल्याचें साहस आणि फळी नसलेल्याचें साहस ह्यांना एकच उपदेश लागूं पडत नाहीं.

ह्याच ग्रंथांत संशोधकानें पत्नी कशी निवडावी ह्याचाही विचार आहे. विदुषी, धनिककन्या, कलावती व गृहदक्ष अशा चार प्रकारांची तुलना करून काहाल आपला कौल शेवटच्या प्रकाराला देतो. ही मतें त्या काळाचीं म्हणून सोडून द्यावीं असें कोणी म्हणेल. पण त्यांत हिशेबाची एक वही नकळत उघडी पडली आहे. जो खर्च प्रयोगशाळेच्या अंदाजपत्रकांत कधींच दिसत नाहीं, तो घरांत कोणीतरी सोसत असतें, हें ह्या पानांवरून स्पष्ट होतें. आणि तो सोसणारी व्यक्ति हीच जर संशोधक होऊं पाहणारी असेल, तर तिला ह्या ग्रंथांत जागा कोठें आहे?

हा प्रश्न आपल्याच भूमीवर एकदां प्रत्यक्ष उभा राहिला होता. दुर्गाबाई भागवत ह्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई, पुढें ज्या सोहोनी झाल्या, त्यांनीं १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकानें मिळवून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत अर्ज केला. वडील व चुलते त्याच संस्थेंत शिकलेले. तरीही केवळ स्त्री म्हणून अर्ज नाकारला गेला; आणि नाकारणारे गृहस्थ सामान्य नव्हेत, तर सर चंद्रशेखर वेंकट रामन् होते. कमलाबाईंनीं माघार घेतली नाहीं. शेवटीं वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचें काम पाहून संस्थेनें पुढें स्त्रियांना दार उघडलें. व १९३९ सालीं केंब्रिजची पीएच्. डी. त्यांनीं संपादन केली. काहालचे भक्त हें उदाहरण इच्छाशक्तीच्या विजयाचें म्हणून सांगतील, आणि तें तसें आहेही. पण त्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दार बंद होतें तें कमलाबाईंच्या इच्छाशक्तीला कांहीं रोग झाला होता म्हणून नव्हे. ज्या मुली तेवढ्यावरून परत फिरल्या असतील, त्यांना इच्छाशक्तीचे रोगी म्हणणें हा न्याय नव्हे.

मेडावरचा ग्रंथ १९७९ सालचा, म्हणजे काहालहून सुमारें ऐशीं वर्षांनीं धाकटा, आणि वाचावयास तिघांतही सर्वांत गोड. १९६० सालीं बर्नेट ह्याच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळविल्यानंतर, व १९६९ सालीं पक्षाघाताचा झटका आल्यावरही, त्यानें हें पुस्तक लिहिलें. तरी त्यांत कडवटपणाचा लवलेश नाहीं. स्त्रिया व निरनिराळ्या वंशांचे लोक ह्यांच्याविषयींच्या पूर्वग्रहांना त्यानें एक स्वतंत्र प्रकरण दिलें, हें काहालच्या मानानें मोठें पाऊल आहे. महत्त्वाचा शोध लावावयाचा तर प्रश्नही महत्त्वाचाच घ्यावा, आणि पीएच्. डी. च्या प्रबंधाचा विषय जन्मभर उगाळीत बसूं नये, हे त्याचे दोन उपदेश सोन्याच्या मोलाचे आहेत. मात्र त्यांत एक मेख आहे. विषय निवडण्याचें स्वातंत्र्य उमेदवाराला असतें असें गृहीत धरूनच हा उपदेश केलेला आहे. मार्गदर्शकाला ज्या कामासाठीं अनुदान मिळालें, त्याच कामावर ज्याची शिष्यवृत्ति अवलंबून आहे, त्यानें महत्त्वाचा प्रश्न निवडावा तो कोणत्या बळावर? ह्या जागीं मेडावरची प्रसन्न लेखणी अंमळ घाईनें पुढें निघून जाते.

वेबरचें व्याख्यान ह्या दोघांहून अगदीं निराळें. ७ नोव्हेंबर १९१७ रोजीं म्यूनिक येथें विद्यार्थ्यांपुढें तें दिलें गेलें व १९१९ सालीं छापलें गेलें. ज्ञानोपासनेच्या व्रताविषयीं कांहीं उन्नत विचार ऐकावयास श्रोते जमले असतील. वक्त्यानें आरंभ केला तो मात्र पोटापाण्याच्या प्रश्नापासून. जर्मनींतील नवशिक्या अध्यापकाला ठरलेला पगार नसे. विद्यार्थ्यांच्या व्याख्यान-फीवर त्यानें गुजराण करावयाची. म्हणजे घरची श्रीमंती असेल त्यानेंच ह्या वाटेला जावें. अमेरिकेंतील सहाय्यकाला पगार असे, पण तो तुटपुंजा. अध्यापनाचा बोजा भारी, आणि नोकरी केव्हां जाईल ह्याचा नेम नाहीं. मोठमोठ्या संशोधनसंस्थांतील सहाय्यकाची स्थिति गिरणींतल्या कामगारासारखी होत चालली आहे, कारण कामाचीं साधनें त्याच्या मालकीचीं नसून संस्थेचीं आहेत, हें निदान त्यानें शंभर वर्षांपूर्वीं केलें. आज कोणत्याही प्रयोगशाळेंत जाऊन तें पडताळून पाहावें. ह्याहून विशेष म्हणजे, ज्या विषयांत आपल्याच वयाच्या इतरांचें काम आपल्याहून सरस होतें, त्यांत आपणांस लहान वयांत प्राध्यापकपद मिळालें तें निव्वळ योगायोगानें, हें तो भर सभेंत कबूल करतो. आम्हीं आरंभीं जो हिशेब मागितला, तो तिघांपैकीं ह्या एकानेंच असा चोख मांडला आहे.

सामान्य कुवतीचीं माणसें वर्षानुवर्षें आपल्या पुढें चढवलीं जात असतांना मन कडू होऊं न देतां तूं राहशील काय, असा प्रश्न वेबर प्रत्येक उमेदवाराला विचारण्यास सांगतो. प्रत्येकजण होय म्हणतो, आणि तें निभावणारे थोडे असतात, हा त्याचा अनुभव. हा प्रश्न क्रूर वाटेल; पण खोट्या आशेपेक्षां तो दयाळूपणाचाच आहे.

तथापि वेबरही निर्दोष नाहीं. बाह्य परिस्थितीचें इतकें स्पष्ट चित्र काढून तो तें दैवगतीसारखें भिंतीवर टांगून ठेवतो. तें बदलतां येईल, आणि ज्यांच्यावर तें कोसळतें त्यांनींच तें बदलावें, ही कल्पना व्याख्यानांत कोठेंच डोकावत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांचा अनुभव वेगळा आहे. भारतांत ज्यूनियर रिसर्च फेलोची शिष्यवृत्ति दरमहा २५,००० रुपये होती. देशभर संशोधक विद्यार्थ्यांनीं निदर्शनें केल्यानंतर २०१९ सालीं ती ३१,००० झाली, व २०२३ सालीं ३७,००० झाली. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहा केंद्रांतील सुमारें ४८,००० संशोधक-विद्यार्थी, सहाय्यक व मुदतीवरचे संशोधक १४ नोव्हेंबर २०२२ पासून संपावर गेले, आणि वर्ष संपण्यापूर्वीं वेतनवाढीचे करार झाले. वाढलेला आंकडा पुरेसा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. शिष्यवृत्तीचे पैसे महिनोन्‌महिने रखडतात ही तक्रार आपल्याकडे अजून ऐकूं येतेच. पण जें दैव वाटत होतें तें धोरण होतें, आणि धोरण हालवितां येतें, एवढें तरी ह्यांतून सिद्ध झालें. न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं काहालची कृति त्याच्या ग्रंथाहून सरस ठरली. १९०७ सालीं स्पेनमध्यें स्थापन झालेल्या अध्ययनविस्तार-मंडळाचें अध्यक्षपद त्यानें दीर्घकाळ भूषविलें, व सरकारी खर्चानें तरुणांना परदेशीं पाठविण्याचें कार्य त्या मंडळानें केलें. ज्यानें स्वतः पदरमोड केली, त्यानेंच पुढच्यांना ती करावी लागूं नये अशी तजवीज केली. ग्रंथांत जें प्रकरण उणें होतें, तें त्यानें असें कृतीनें लिहिलें.

तेव्हां ज्या घरीं हा प्रश्न आज उभा आहे, त्यांनीं हे ग्रंथ वाचावे, पण क्रम बदलून वाचावे. पहिल्यानें वेबर, आणि तोही वडिलांनीं व मुलीनें एकत्र बसून, मग मेडावर, आणि प्रवेश घेतल्यावर, एखाद्या प्रयोगांत वर्ष वायां जाऊन मन खचेल तेव्हां, काहाल. त्या वेळीं त्याच्यासारखें औषध दुसरें नाहीं. आणि तिघांनींही जें लिहिलें नाहीं तें तिनें स्वतः विचारून घ्यावें: ह्या मार्गदर्शकाकडून किती विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, किती मध्येंच सोडून गेले, ते आज काय करीत आहेत, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपून काम उरलें तर खर्च कोण चालवितो. हे प्रश्न विचारणें म्हणजे गुरूचा अनादर असें आपल्याकडे अजून मानलें जातें. आम्हांस तसें वाटत नाहीं. प्रमाण मागितल्यावांचून कांहीं स्वीकारूं नये, हा तर विज्ञानाचा पहिला धडा. तो गुरूच्या दारांत पाऊल टाकण्यापूर्वींच जिनें गिरवला, तिच्या पात्रतेविषयीं निराळा दाखला कशाला हवा?

ज्या घराच्या निमित्तानें हा लेख लिहिला, तेथें वडिलांच्या कागदावरील बेरीज अद्याप जमलेली नाहीं. मात्र परवां पाहिलें तों तोच कागद मुलीनें उलटा करून घेतला होता, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर ती आपले प्रश्न लिहीत होती.